विद्यापीठाशी सोयरीक

“हे काय आहे, मावशी?”

सिक्युरिटीवाल्यानं इंदूआत्याच्या पिशवीतनं अडकित्ता बाहेर काढला आणि अंगापासून इतका लांब धरला की मला हसूच फुटलं.

“अडकित्ता हाय बाबा, सुपारी कातरायचा. तुमच्यात सुपारी कातरत न्हाईत व्हय?”

“धारदार वस्तू आत नेता येत नाही. इथं ठेवा, जाताना न्या.”

“आरं, निम्म्या खानापूर तालुक्याच्या सोयरिकी ह्याच्यावर जमवल्यात मी! आन आज ह्येलाच भाईर ठिऊ?”

“आक्का, ऱ्हाऊ दे की गं,” अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. “लोकं बघाय लागली.”

लोकं खरंच बघत होती. बघतील नाही तर काय! गाड्यांतनं एकेक आई-बाप आणि एकेक पोरगं उतरत होतं. आणि आम्ही विट्याहून मामाच्या सुमोतनं उतरलेलो: पांढरा फेटा बांधलेले अण्णा, नऊवारीतली आत्या, इस्त्रीच्या कपड्यातला तानाजीमामा आणि नव्या पंजाबी ड्रेसमधली, हातात सगळ्या कागदांची फाईल घेतलेली मी. आईसुद्धा येणार होती, पण त्याच दिवशी भाळवणीच्या लग्नाचा मांडव उभा करायचा होता. आमचा धंदाच मांडवाचा. अण्णा नसले की गड्यांना आईच आवरते.

निघालो होतो माझं कॉलेज बघायला. पण आत्यानं घरातनं बाहेर पडतानाच जाहीर करून टाकलं होतं, “पोरगी चार वर्सं नांदायची तितं. मग स्थळ बघितल्यागत बघायचं, उगं फी भरून मोकळं व्हायचं न्हाई.”

आता माझ्या मनात काय होतं ते आधीच सांगते, म्हणजे पुढं घोळ नको. मला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं. पण मुलीनं सिव्हिल? उन्हातान्हात, सिमेंटच्या धुरळ्यात? घरात तो शब्द काढायची सोय नव्हती. सगळ्यांच्या तोंडात एकच, कॉम्प्युटर! मी मुकाट्यानं सरकारी प्रवेशाचा अर्ज भरताना पुण्याच्या सरकारी कॉलेजचं सिव्हिल पहिल्या नंबरला टाकलं होतं. पहिल्या यादीत काही ते लागलं नाही. घरी मी एवढंच सांगितलं की सरकारीत नाही मिळालं. मग मामानं पुण्याबाहेरच्या ह्या खासगी विद्यापीठाचं कॉम्प्युटर शोधून काढलं. फी ऐकून आईनं पदराचा बोळा तोंडावर धरला होता. अण्णा मात्र ताठ. म्हणाले, “स्टँडामागची जागा काढू.”

ती जागा म्हणजे अण्णांचा जीव. तिथं ते स्वतःचं मंगल कार्यालय बांधणार होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात मांडव घालणाऱ्या माणसाला एकदा तरी पक्कं छप्पर घालायचं होतं. आणि तीच जागा विकायला निघाले होते! गिऱ्हाईक ठरलेलं होतं, दुसऱ्या दिवशी इसार घ्यायचा होता. मी रात्रभर तळमळले, पण काय बोलणार? सरकारीचं दार तर बंदच झाल्यासारखं होतं, दुसऱ्या यादीत काही उरेल असं वाटत नव्हतं.

तर आत शिरलो. आणि खरं सांगते, डोळे दिपले. काय ते विद्यापीठ! नाव सांगत नाही, तिथं शिकलेली किती तरी मुलं आज माझ्या ओळखीची आहेत आणि चांगली कामं करताहेत. पोहायचा तलाव, काचेची लिफ्ट, हिरवळीवर पाणी उडवणारे फवारे. अण्णा तर दारातल्या स्वागताच्या कमानीपाशीच अडकले.

“तानाजी, ही बघ! सगळी अल्युमिनची! एक बांबू न्हाई, एक काथ्याचा येढा न्हाई. काय माल वापरलाय, वा!”

“दाजी, आपुन कॉलेज बघाय आलोय, कमान न्हाई,” मामा म्हणाला.

“आरं, कमानीवरनंच घर कळतंय.”

आम्हाला फिरवायला केतकी मॅडम म्हणून एक जण आली. मॅडम कसली, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. हसरी, पायात पांढरे बूट, बोलणं असं भराभर. तिनं लायब्ररी दाखवली, वसतिगृह दाखवलं, कॉम्प्युटरची थंडगार लॅब दाखवली. आत्या प्रत्येक ठिकाणी स्थळाची चौकशी करत होती.

“पाणी दोन टायम येतंय का?”

“चोवीस तास, आजी.”

“आन तुमच्यात माणसं किती? शिकिवणारी?”

“भरपूर आहेत.”

“सोडून जात्यात का टिकत्यात?”

केतकी मॅडम मनापासून हसली. “आजी, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता मला.”

मग तिनं आम्हाला सभागृहात नेलं. मी आत पाऊल टाकलं आणि वर बघतच राहिले. हजारभर माणूस बसेल एवढं सभागृह आणि मधे एक खांब नाही! आमच्या मांडवात एवढ्या रुंदीला ओळीनं खांब लागले असते. लहानपणी मी मांडवाच्या बांबूंवर माकडासारखी चढायची. कुठला तिरका बांबू काढला की काय हलतं, काथ्याची गाठ कुठं बसते, सगळं मला पाठ होतं. पुढं वयात आले आणि अण्णांनी एके दिवशी खाली उतरवलं. परत चढलीस तर तंगडी तोडीन, म्हणाले. तेव्हापासून मी खालनंच बघायची.

“मॅडम, एवढं छत मधे खांबाशिवाय कसं काय उभं आहे?”

“हं... ते काय, आर्किटेक्टनं केलंय. चला, पुढं आपला रोबोट आहे!”

रोबोटनं आत्याला नमस्कार केला. आत्यानं त्याला आशीर्वाद दिला, “औक्षवंत व्हा.” मामा खिदळत सुटला. खरंच, मजा येत होती. मीसुद्धा मनाला बजावलं, वृषाली, नशिबात आहे ते चांगलंच आहे, आता हस बघू.

शेवटी आम्ही केतकी मॅडमच्या केबिनमध्ये बसलो. अण्णांनी फेटा सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाले, “आमची पसंती हाय.”

“वा, काका! अभिनंदन! मग फी आठवड्याभरात भरा.”

“पैशाचं हुईल. आधी सुपारी फोडू.”

“काय फोडू?”

“सुपारी, बाई,” आत्यानं पिशवीतनं अख्खी सुपारी काढली. “पसंती झाली की फोडायची. आमच्याकडं मग मुलीच्या मामानं त्याचं खांड चावून खायाचं. मामानं चावली की शबुद पक्का. मग सूर्य हिकडचा तिकडं झाला तरी माघार न्हाई.”

मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. अहो, विद्यापीठाशी सुपारी! पण केतकी मॅडम खुर्ची पुढं ओढून लहान पोरीसारखी बघायला लागली. अडचण एकच, अडकित्ता गेटवर. आत्यानं सगळ्या टेबलावर नजर फिरवली आणि काचेचा जाडजूड पेपरवेट उचलून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी सुपारी फरशीवर ठेवली, कुलदैवताचं नाव घेतलं आणि हाणला. ठण्ण! एक तुकडा कपाटाखाली गेला, भुगा उडाला, आणि जे मोठं खांड उरलं ते अण्णांनी मामाच्या हातावर ठेवलं. मामानं ते कपाळाला लावून तोंडात टाकलं. केतकी मॅडमनं टाळ्या वाजवल्या. तिच्या हातावर आत्यानं साखर ठेवली.

झालं. ठरलं माझं.

कँटीनमध्ये जेवायला बसलो. पनीर होतं, गुलाबजाम होते. अण्णा खुशीत होते. मामाचं काय बिनसलं होतं कुणास ठाऊक, एरवी पंगतीत शेवटी उठणारा माणूस, त्यानं ताटाला हात लावला नाही. बोलेनासुद्धा. आत्या माझ्या कानात म्हणाली, “भाची लांब चालली म्हनून गळा दाटलाय त्येचा.” माझे डोळेच भरून आले.

गेटवर अडकित्ता परत घेतला आणि सुमो हायवेला लागली. तेवढ्यात अण्णांचा मोबाइल वाजला. त्यांनी नंबर बघून माझ्याकडं दिला. दीपाली होती, माझी मैत्रीण. विट्यातल्या नेट कॅफेतनं बोलत होती. बोलत कसली, किंचाळत होती.

“वृषे! दुसरी यादी लागली! तुला सिव्हिल मिळालं, सिव्हिल! पुण्याचं सरकारी! तू पहिल्या नंबरला भरलेलं तेच, वृषे! पण आज पाचच्या आत तिथं हजर व्हायचंय कागद घेऊन, नाही तर सीट जाणार! कुठं आहेस तू?”

मी असा काही चीत्कार केला की मामानं करकचून ब्रेक दाबला. मागनं ट्रकवाला शिव्या घालत गेला. माझ्या अंगात काय संचारलं होतं देव जाणे. हसत होते, रडत होते, आत्याला मिठी मारत होते. पुढच्या सीटवरनं अण्णा सावकाश मागं वळले. फोनमधला शब्द न् शब्द गाडीभर ऐकू गेला होता.

“सिव्हिल?” अण्णा म्हणाले. “पैल्या नंबराला सिव्हिल भरलं हुतंस तू?”

माझं हसू जागच्या जागी थांबलं. “हो, अण्णा.”

“आमास्नी कॉम्प्युटर म्हनून सांगितलंस.”

“तुम्ही म्हणत होता कॉम्प्युटर. मी नाही म्हटलं नाही, एवढंच.”

मामानं सुमो कडेला घेतली. समोर पूल दिसत होता. त्याच्या अलीकडनं डावीकडं वळलं की पुणं. सरळ गेलं की बायपासनं साताऱ्याकडं आणि घर. सव्वातीन वाजले होते.

“अण्णा, तिथली फी किती आहे माहितीय का? तुमच्या एका मांडवाच्या भाड्यात वर्ष निघेल! स्टँडामागची जागा विकायला नको! आणि पुण्याचं सरकारी कॉलेज म्हणजे—”

“शबुद दिलाय.” अण्णा समोर बघत म्हणाले. “सुपारी फुटली, सगळ्यांच्या समोर. उद्या माझ्या दारातनं कुनी असं माघारी गेलं तर मी काय म्हनीन? बापाच्या शबदाला काय किंमत हाय का न्हाई? चल तानाजी, सरळ घे.”

गाडी जागची हलेना.

“तानाजी?”

मामानं मान हलवली. तोंडानं नुसतंच “हं... हं...” केलं. मग खिशातनं रुमाल काढला, तोंडाशी धरला आणि त्यात काही तरी थुंकला. रुमाल उघडून पुढं केला. सुपारीचं ते भलंमोठं खांड, जसंच्या तसं!

“दाजी, कसं चावू वो? वरची कवळी हाय माझी, मागच्या महिन्यातच बशीवली. एवढं खांड चावलं असतं तर कवळीचेच दोन तुकडं झालं असतं. आन थुकू कुटं? सगळीकडं फरशी आरशागत! तवापास्नं गालात धरून बसलोय. पनीर गेलं, गुलाबजाम गेलं...”

मग आत्या अशी काही हसली, अशी हसली, की तिचा पदर खांद्यावरनं घसरला. मागनं अण्णांना ढोसत म्हणाली,

“हणमंता! चावली न्हाई रं मामानं! अडकित्ता असता तर बारीक कातरून दिली असती, गिळलीबी असती ह्येनं. चावली न्हाई म्हंजी सोयरीक न्हाई. निस्ती बोलाचाली. उभ्या तालुक्यात कुनालाबी इचार.”

“आक्का, तू बी!” अण्णा चिडले. “सुपारी सुटली म्हनून मानूस सुटतोय व्हय? आन मला शबदाचं न्हाई एवढं. मला...” त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. “वृषा, तुला ठावं हाय, मी पैला बांबू उचलला तवा केवढा हुतो? मिसरूड फुटलं नव्हतं. लोकांच्या लग्नात आपुन उनात वर टांगलेलं, आन खाली लोकं अत्तर लावून बसत्यात. जेवान झालं की इचारतात, मांडववाल्यास्नी वाढलं का रं? मागच्या दारानं वाढत्यात. माझी पोरगी गार खोलीत बसंल, कुनी तिला मागच्या दारानं बोलिवनार न्हाई, म्हनून जागा काढाय निघालो. आन तू म्हन्तीस, परत उनातच जाते. आगं, मग मी एवढं कशापायी केलं?”

मला इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं. मांडवावरनं मला उतरवलं ते लोक काय म्हणतील म्हणून, अशीच माझी समजूत होती.

आत्या पुढं सरकली. आवाज एकदम मऊ झालेला. “हणमंता, मी लई सोयरिकी केल्या. एक गोष्ट कळती मला, पोरीचं तोंड. सकाळधरनं हिचंच तोंड बघतीय. त्या काचंच्या पाळण्यात बी गप्प, त्या यंत्राच्या बाहुल्याम्होरं बी गप्प. एकदाच उजळलं, ती मोठी खोली बघून. आन दुसऱ्यांदा आत्ता. बघितलंस का न्हाई कशी किंचाळली? आपुन पोरीला शेवटाला इचारतो, समदं ठरल्यावर. ह्या बारीला तरी आधी इचार.”

अण्णा माझ्याकडं बघत होते. घड्याळ पळत होतं. माझ्या तोंडात जे आलं ते मी बोलून गेले.

“अण्णा, मला बांबूच बांधायचेत. मोठे. लोखंडाचे! नदीवर बांधायचेत, ह्या समोरच्या पुलासारखे! त्या सभागृहाला खांब का नाही ते मला कळायला पाहिजे, नाही तर मला झोप येणार नाही! तुम्ही मला वरनं खाली उतरवलंत ना, त्या दिवसापासून मी खालनं मोजतेय, कुठला खांब काढला तरी चालेल! गार खोलीत मी मरून जाईन, अण्णा!”

आणि मी ढसाढसा रडायला लागले. लाज-लज्जा सगळी गुंडाळून.

“उनात हुबी ऱ्हाशील?” अण्णांनी विचारलं.

“राहीन.”

“गडी ऐकत न्हाईत बाईमानसाचं.”

“आईचं कसं ऐकतात?”

मामा फिस्सकन हसला. अण्णांच्या मिशा हलल्या. त्यांनी माझ्याकडनं फोन घेतला, केतकी मॅडमनं दिलेलं कार्ड खिशातनं काढलं आणि तिला लावला. काय बोलतात ते ऐकायला आम्ही तिघं फोनाकडं झुकलो.

“ताई, हणमंतराव बोलतोय, मगाचं सुपारीवालं. तुमच्यात काय खोट न्हाई बगा. घर चांगलं, मानसं चांगली. पन आमच्या पोरीचं मन दुसरीकडं हाय.”

पलीकडनं मग केतकी मॅडमचा आवाज आला, जरा घाबरलेला. “काका, कुणी... मुलगा वगैरे?”

“न्हाई न्हाई! सरकारी सिव्हिल!”

आणि मग फोनमधनं जे हसू आलं ते मला अजून ऐकू येतं. “काका, मला वाटलंच होतं! ती छताकडं बघत होती. पण तिथली खिडकी पाचला बंद होते, एक मिनिट उशीर झाला तरी घेत नाहीत. पळा! माझ्याशी काय बोलत बसलाय, पळा!”

“तानाजी, डावीकडं!” अण्णा ओरडले.

मामानं सुमो अशी काढली की काय सांगू. ह्या माणसानं जन्मात साठच्या वर काटा नेला नव्हता. सिग्नलला आत्या खिडकीतनं हात काढून लोकांना सांगत होती, “वाट द्या वो, पोरीची ॲडमिशन हाय!” एका रिक्षावाल्यानं खरंच रिक्षा मागं घेतली. शेवटच्या चौकात गाड्यांची रांग लागली तेव्हा अण्णांनी दार उघडलं. “उतर. पळायचं.” फेटा काखेत मारून अण्णा पुढं, फाईल छातीशी धरून मी मागं. इतकं पळालेले अण्णा मी त्याआधी कधी बघितले नव्हते, नंतरही नाही.

कॉलेजची जुनी दगडी इमारत, लांबलचक अंधारा व्हरांडा. स्वागताला कुणी नाही, कमान नाही, पाणी विचारायला माणूस नाही. खिडकीतल्या साहेबांनी फळी ओढायला हात घातलाच होता. अण्णांनी त्या फटीत आपला हात घातला.

“साहेब, एक ऱ्हायलंय!”

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, कपाळाला आठी घातली आणि फाईल ओढून घेतली. कागद उलटत म्हणाले, “सिव्हिल? नक्की ना? नंतर ब्रँच बदलून मिळणार नाही. मुली सहसा सिव्हिल घेत नाहीत.”

“नक्की,” मी म्हणाले. धापेमुळं आवाज फुटत नव्हता.

“वडिलांचा व्यवसाय?”

अण्णांनी आधी फेटा डोक्यावर बांधला, नीट, एकेक वेढा बसवून. साहेब पेन धरून वाट बघत राहिले.

“मांडव बांधतो.”

“मांडव?” साहेबांनी चष्म्यावरनं एकदा त्यांच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. “आणि मुलगी सिव्हिलला?”

“व्हय,” अण्णा म्हणाले. “घरचाच धंदा हाय साहेब. पोरगी जरा मोठा करनार हाय.”